नाव मागाहून लिहू

माणसाला आपला जन्म सिद्ध करून द्यावा लागतो, ही गोष्ट मला फार उशिरा कळली. मृत्यूचा दाखला मागतात, ते एक वेळ समजू शकते. मागे जमीन असते, विम्याचे पैसे असतात, भाऊबंद असतात. पण जो समोर उभा आहे, खातोपितो, भांडतो, त्याने आपण जन्मलो होतो याचा कागद आणावा, यात थोडी गंमत आहे. शाळेत शिकवायला लागल्यापासून मात्र ती गंमत माझ्या रोजच्या कामात येऊन बसली.

शाळेचे जुने जनरल रजिस्टर सवड काढून एकदा वाचण्यासारखे असते. मी स्वतः कादंबऱ्या लिहिते, तरी सांगते, की माझ्या कादंबऱ्यांपेक्षा ते अधिक वाचनीय आहे. मळक्या निळ्या शाईत एकाखाली एक नावे, आणि जन्मतारखेच्या रकान्यात १ जून, १ जून, पुन्हा १ जून. एखाद्या परक्या माणसाने ते पान पाहिले तर त्याला वाटावे, या गावातल्या बायका काय सगळ्या मृगाच्या तोंडावरच बाळंत होत होत्या! खरी हकिगत साधी आहे. बाप पोराचे मनगट धरून शाळेत आणायचा. गुरुजी विचारायचे, "जन्म कधीचा?" बाप सांगायचा, "मोठा पूर आला त्या साली, शिमग्याच्या आदल्या दिवशी." गुरुजी बोटांवर हिशेब करायचे, आणि जूनमध्ये शाळा उघडते त्या दिवशी पोराला पुरी वर्षे भरलेली असावीत म्हणून १ जून घालून मोकळे व्हायचे. माझे वडील १ जूनचे. दोन्ही काका १ जूनचे. शेजारचे तात्याही त्याच दिवसाचे. तिघाचौघांनी मिळून एकच पेढ्यांचा पुडा आणावा, इतकी सोय!

यात गुरुजींचा आळस होता असे मला वाटत नाही. त्यांच्यापुढे दुसरा कागदच नसे. जन्ममृत्यूच्या नोंदीचा कायदा इंग्रजांनी १८८६ साली केला होता. पण ती नोंद ज्याला हवी त्याने करावी, अशी होती. सगळ्या देशाला लागू आणि सक्तीचा असा कायदा झाला १९६९ साली, आणि बहुतेक राज्यांत तो १ एप्रिल १९७० पासून चालू झाला. त्याआधी गावोगावी वह्या नव्हत्या असे नाही. घाटावरच्या गावांत कोतवाल बुक असे आणि पुष्कळदा ते मोडीत लिहिलेले असे. अलीकडे जातीच्या दाखल्यांसाठी लोक त्या बुकांचा इतका शोध घेतात, की मोडी वाचणाऱ्या म्हाताऱ्यांना चांगले दिवस आले आहेत. त्या बुकांतल्या काही नकला मी पाहिल्या आहेत. मुलाचे नाव त्यांत नसते. ते कुठून असणार? नोंद तिसऱ्या-चौथ्या दिवशी आणि बारसे बाराव्या. ओळ अशी असते, की अमक्यास मुलगा झाला, तमक्यास मुलगी झाली. बापाचे नाव, जात, तारीख, संपले. आता 'अमक्यास' मुलगा झाला म्हणजे काय? नऊ महिने ओझे वाहिले कोणी, रात्रभर कळा सोसल्या कोणी? ती बाई त्या ओळीत बहुधा नसतेच.

आजचा कायदा त्या मानाने शहाणा आहे. एकवीस दिवसांच्या आत फी न घेता नोंद होते. तीस दिवसांपर्यंत थोडे विलंबशुल्क, वर्षाच्या आत वरच्या अधिकाऱ्याची परवानगी, आणि वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्याचा हुकूम, अशी पायरीपायरीने कटकट वाढत जाते. पण मला मनापासून आवडते ती त्यातली एक निराळीच तरतूद. मुलाचे नाव ठरले नसले तरी नोंद अडत नाही. नावाची जागा कोरी ठेवायची, आणि बारा महिन्यांच्या आत केव्हाही जाऊन नाव घालायचे, पैसे न देता. त्यानंतरही शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत सवड आहे. आधी माणूस, नाव मागाहून! ज्या कोणी हे कलम लिहिले त्याच्या घरात बारसे लांबले असावे, असा माझा तर्क आहे.

आता थोडे घरचे सांगते. आमचे गाव सावंतवाडी तालुक्यात. माझा जन्म १९८० चा आणि धाकट्या बहिणीचा १९८८ चा. दोघींचाही जन्म एकाच घरात, माजघरालगतच्या एकाच काळोख्या खोलीत, एकाच सुईणीच्या हातून. तरी मी जन्मले रत्नागिरी जिल्ह्यात आणि ती जन्मली सिंधुदुर्गात, कारण मधे १ मे १९८१ रोजी जिल्हा फुटला. हे तर काहीच नाही. आम्हा दोघींना या देशाचे नागरिकत्व मिळाले तेही दोन निराळ्या नियमांनी.

नागरिकत्वाचा आपला कायदा १९५५ चा. त्याने म्हटले होते, की २६ जानेवारी १९५० पासून पुढे जो भारतात जन्मेल तो भारताचा नागरिक. परदेशी वकिलातींतल्या लोकांची मुले आणि असेच एकदोन अपवाद सोडले, तर आईबाप कोण, कुठले, हा प्रश्नच नाही. माझ्यासाठी हे पुरले. त्या खोलीतल्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर मी पडले आणि भारतीय झाले. पुढे १९८६ साली हा कायदा बदलला, आणि १ जुलै १९८७ पासून जन्मणाऱ्या मुलाच्या आईबापांपैकी एक तरी भारतीय नागरिक असावा लागला. बहीण या नियमातली. तिच्या बाबतीत नुसती जमीन पुरेना, आईबापांकडे बोट दाखवणे आले. २००३ साली पुन्हा दुरुस्ती झाली. ३ डिसेंबर २००४ पासून जन्मलेल्या मुलाचे आईबाप दोघेही भारतीय असावे लागतात, किंवा एक भारतीय असून दुसरा बेकायदा आलेला नसावा लागतो. यंदा श्रावणातल्या धुवाधार पावसात बहिणीला मुलगा झाला, तो या तिसऱ्या नियमातला.

हा वाद काही नवा नाही. घटना समितीत १९४९ च्या ऑगस्टमध्ये नागरिकत्वाचे कलम निघाले तेव्हा बाबासाहेब आंबेडकरांनी सांगून टाकले होते, की एखादे कलम सोडले तर मसुदा समितीला दुसऱ्या कशाने एवढी डोकेदुखी झाली नाही. आणि आपल्या अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख त्या कलमावर तुटून पडले होते. नुसत्या जन्मावर नागरिकत्व वाटाल तर भारताचे नागरिकत्व जगात सर्वांत स्वस्त होईल, हा त्यांचा आक्षेप. मुंबईत घटकाभर उतरलेल्या परदेशी बाईला तिथेच मूल झाले, तर तेही भारतीय म्हणायचे काय? पंजाबराव शेतकऱ्यांचे पुढारी, त्यांना स्वस्ताईचा राग असणारच. त्या वेळी त्यांचे फारसे कोणी ऐकले नाही. पुढे पूर्वेकडच्या सरहद्दीवरून माणसांचे लोंढे आले, आसाम पेटला, आणि पस्तीस-चाळीस वर्षांनी कायदा हळूहळू त्यांच्या दिशेने सरकला.

देशाने दार किती उघडावे हे ठरवण्याचा देशाला हक्क आहे, याबद्दल माझी तक्रार नाही. माझ्या मनात घोळते ते निराळेच. जमिनीचा पुरावा सोपा असतो. सुईण सांगते, शेजारीण सांगते, घराची भिंत सांगते. आईबापांचा पुरावा कागदात शोधावा लागतो. आणि आपल्याकडे बाप कागदात सापडतो, आई सापडत नाही.

हे मला बहिणीच्या बाळंतपणात नीट दिसले. पहिले बाळंतपण माहेरी, या रिवाजाप्रमाणे ती आली होती. (या रिवाजामुळे महाराष्ट्रातल्या अर्ध्याअधिक मुलांचे जन्मगाव त्यांच्या आजोळचे निघते. उभ्या आयुष्यात मे महिन्याखेरीज जिथे पाऊल पडत नाही, ते गाव माणूस मरेपर्यंत अर्जावर लिहीत राहतो!) इस्पितळातच नोंदणीचा अर्ज भरून घेतात. लिहून घेणारा कारकून माझा जुना विद्यार्थी निघाला. त्याने सगळे रकाने भक्तिभावाने विचारले. लग्नाच्या वेळी आईचे वय काय, आता काय, शिक्षण किती, मुलाचे वजन किती. मग म्हणाला, "बाई, आईचं नाव?"

मी बहिणीचे नाव सांगितले. खाटेपलीकडून तिच्या सासूबाई म्हणाल्या, "ते तिचं माहेरचं नाव झालं हो. आमच्याकडचं निराळं आहे."

आमच्या भागात लग्नात मुलीचे नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून त्यावर सोन्याच्या अंगठीने नवरा नवे नाव लिहितो. बहिणीचे माहेरचे नाव एका नदीचे, सासरचे एका देवीचे. शाळा सोडल्याचा दाखला नदीच्या नावाचा. बँकेचे पुस्तक आणि आधारकार्ड देवीच्या नावाचे. दोघी एकच, हे सांगणारा एकच कागद, तो म्हणजे लग्नाच्या नोंदणीचा दाखला. आणि तो जावईबापूंच्या पुण्याच्या खोलीत कपाटात.

यात एक भर अशी, की महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांसाठी नाव लिहिण्याची रीतच बदलली आहे. आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग बापाचे, मग आडनाव. मला हा नियम फार आवडला. 'अमक्यास मुलगा झाला' लिहिणाऱ्या कोतवालाला उशिरा का होईना, कोणी तरी उत्तर दिले. पण आईचे नाव लिहायचे म्हणजे कोणते? आईबापांनी ठेवलेले की तांदळावर लिहिलेले?

सासूबाई काही वाईट बाई नव्हेत. त्या म्हणाल्या, "माझंही बदललंच की. मी काही बोलले का?" यावर बहिणीने कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केले. कारकुनाने पेन खाली ठेवले. शेवटी तो हळूच म्हणाला, "बाई, आधारकार्डावर जे असेल तेच लिहू या. नाहीतर पुढं मुलाला त्रास होईल." व्यवहार त्याचाच बरोबर होता. २०२३ च्या १ ऑक्टोबरपासून जन्मलेल्या मुलांना शाळेच्या प्रवेशापासून मतदारयादीपर्यंत आणि वाहन चालवण्याच्या परवान्यापासून पासपोर्टापर्यंत, जन्मतारीख आणि जन्मठिकाण दाखवायला जन्मदाखला हाच मुख्य कागद ठरला आहे. तिथे एक अक्षर इकडचे तिकडे झाले तर पोराच्या मागे ते जन्मभर लागेल. देवीचे नाव लिहिले गेले.

"एवढ्याशा गोष्टीचे काय घेऊन बसलात?" असे कोणी म्हणेल. एवढीशी असती तर मीही म्हटले असते. आसामात नागरिकांची नोंदवही तयार झाली तेव्हा १९७१ च्या मार्चच्या आधी आपले घराणे तिथे होते हे दाखवून, त्या घराण्याशी आपले नाते कागदाने जोडून द्यावे लागले. पुरुषाला शाळेचा दाखला होता, जमिनीचा उतारा होता. लहान वयात शाळा सोडून लग्न होऊन परगावी गेलेल्या बाईला बापाशी जोडणारा कागदच नव्हता. लाखो बायकांनी ग्रामपंचायतीचे दाखले आणले. २०१७ च्या फेब्रुवारीत गुवाहाटीच्या उच्च न्यायालयाने ते नाकारले, आणि डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तपासून घ्यायच्या अटीवर पुन्हा मान्य केले. त्या नऊदहा महिन्यांत त्या बायका रात्री कशा झोपल्या असतील? ३१ ऑगस्ट २०१९ ला शेवटची यादी लागली तेव्हा सुमारे १९ लाख माणसे तिच्याबाहेर राहिली होती. कोण आतले, कोण बाहेरचे हे ठरवणारी मी नव्हे. पण लेक सासरी गेली की बापाच्या घरच्या कागदातून पुसली जाते, हे काही आसामातच घडते असे नाही.

आमच्या आईचेच पाहा. तिचा जन्म १९५२ चा, आणि तो झाला परमुलखात. परमुलूख म्हणजे खाडीपलीकडे. आरोंद्याला उभे राहिले की समोर किरणपाणी दिसते, मधे तेरेखोलची खाडी. आज पुलावरून गाडी दोन मिनिटांत जाते. तेव्हा होडी होती. आजीचे माहेर पेडणे महालातले आणि सासर वाडीकडचे. पहिलटकरीण आजी होडीत बसून माहेरी गेली आणि पोर्तुगालच्या राज्यात बाळंत झाली. कोणाला त्यात काही विशेष वाटले नाही. माणसांनी मुली दिल्या-घेतल्या होत्या, राज्ये त्यांच्या आड कधी आली नव्हती.

आली ती पुढे. गोव्याचा सत्याग्रह झाला, १९५५ च्या ऑगस्टमध्ये गोळीबार झाला, आणि सरहद्द बंद पडली. परवान्याशिवाय पलीकडे पाऊल टाकता येईना. त्या काळात आजीची आई वारली. निरोप एका कोळ्याने आणला. आजी आरोंद्याच्या काठावर जाऊन बसली होती, असे आई सांगते. पलीकडचे माड दिसत होते, पाकल्यांची चौकी दिसत होती. परवाना आला तो दिवसकार्य उरकल्यावर. मग तिने तो वापरलाच नाही. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, आणि संक्रांतीला आजी माहेरी गेली ती साडेसहा वर्षांनी.

आता कायद्याने पाहिले तर आईचा जन्म 'भारताबाहेर'चा. ती भारतीय झाली ती बापाच्या वारशाने, कारण बाप वाडीचा होता. उलट असते, म्हणजे आई इथली आणि बाप परका, तर देशाबाहेर झालेल्या मुलाला आईच्या नागरिकत्वाचा काडीचा उपयोग १० डिसेंबर १९९२ पर्यंत नव्हता. आईची मावसभावंडे मात्र गोव्यातच जन्मलेली. त्यांच्यासाठी १९६२ साली निराळा हुकूम निघाला, आणि तो मला मोठ्या मनाचा वाटतो. २० डिसेंबर १९६१ च्या आधी जो तिथे जन्मला, किंवा ज्याची आई, बाप, आजी, आजोबा यांपैकी कोणीही तिथे जन्मले, तो त्या दिवसापासून भारताचा नागरिक. ज्याला नको असेल त्याने महिन्याभरात तसे लिहून द्यावे. आई चालेल, आजीसुद्धा चालेल! एका रात्रीत घरेच्या घरे देशात आली, आणि कोणाला खाडी ओलांडावी लागली नाही.

काही वर्षांपूर्वी वयाच्या पुराव्यासाठी आईचा जन्मदाखला हवा होता. ती चौथीपर्यंत शिकली, पण त्या शाळेचे रजिस्टर पावसात भिजून गेलेले. इकडच्या वह्यांत ती नाहीच. मग मामेभावाने पेडण्याकडची जुनी नोंद शोधून काढली. पोर्तुगीजांनी गोव्यात जन्माची सरकारी नोंद सगळ्यांना लावली होती, हिंदूंनाही. नोंद पोर्तुगीज भाषेत. 'प्रभू'चा 'पोरोब' आणि 'कामत'चा 'कामोतिम' करणारी ती भाषा. आमच्या आडनावाचे काय झाले ते सांगत नाही. पण म्हापशाच्या एका जाणत्या गृहस्थांकडून ती वाचून घेतली, आणि मी थक्क झाले. त्यात मुलीच्या बापाचे नाव होते, आईचे होते, बापाच्या आईबापांची होती, आणि आईच्या आईबापांचीही होती. आजीचे माहेरचे नाव, एका फुलाचे, मला तिथे प्रथम कळले. घरात ते कोणी उच्चारलेले मी ऐकले नव्हते. आजी गेली तेव्हा तिच्या दहाव्याच्या पत्रिकेतही ते नव्हते. ज्या राज्याने तिला आईच्या मरणाला जाऊ दिले नाही, त्याच राज्याच्या वहीने तिचे नाव सांभाळून ठेवले होते. याचे काय करावे ते मला अजून कळत नाही.

ते गृहस्थ आणखीही एक बोलले. मुक्तीच्या आधी गोव्यात जन्मलेल्याला लिस्बनमध्ये ती नोंद घालून पोर्तुगालचे नागरिकत्व मागता येते, आणि मग मुलानातवंडांनाही. गोव्यातले पुष्कळजण त्या वाटेने युरोपात गेले. अर्थात तिकडचे नागरिकत्व घेतले की इकडचे जाते. दोन्ही दगडांवर पाय ठेवू देत नाही आपला कायदा. मी ते आईला समजावून सांगितले. ती तांदूळ निवडत होती. हसून म्हणाली, "ह्या वयात माका पोर्तुगीज करतास?" मग बराच वेळ काही बोलली नाही. सूप झटकून उठताना म्हणाली, "आये काठार बसलेली, तेव्हा कोणी इचारूक नाय." तो विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही.

यंदाचे बारसे बाराव्या दिवशी झाले नाही. आधी पाऊस, मग जावईबापूंची रजा, मग सासूबाईंचे गुडघे. नावाची जागा अजून कोरी आहे. कायद्याने पुढच्या श्रावणापर्यंत मुदत दिली आहे, तेव्हा घाई नाही. दरम्यान लग्नाचा दाखला पुण्याहून आला. बहिणीने एक कोरी वही आणून पहिल्या पानावर स्वच्छ अक्षरात लिहून काढले: मुलाची तारीख, वार, वेळ, पाऊस पडत होता हेसुद्धा, खाली आपली दोन्ही नावे, नदीचे आणि देवीचे, त्याखाली आईची दोन्ही, आणि त्याखाली आजीची दोन्ही. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. चष्मा लावून त्यांनी ते पान वाचले. थोड्या वेळाने म्हणाल्या, "माझं माहेरचंही लिही गं. तू विचारलं नाहीस कधी."

बहिणीने पेन उघडले आणि विचारले.